सात पितरांच्या आत

आमच्या कोक्तेरेकात मूल पाच वर्षांचे झाले की आई त्याचे तोंड धुऊन, डोक्यावर टोपी घालून त्याला ओराझबाय आबांच्या अंगणात नेऊन बसवी. आबा त्याच्यासमोर गुडघे मोडून बसत, त्याचा हात आपल्या हातात घेत आणि एकेक बोट मिटवत त्याला त्याचे सात पितर पाठ करून देत. बाप, आजा, पणजा आणि त्यांच्या पलीकडचे चौघे. हे पठण गावातल्या प्रत्येकाने एकदा तरी आबांच्या मुखातून घेतले आहे, आणि त्यांच्या उच्चारात कधी एका अक्षराची चूक झाल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. मुलींनाही पितर पाठ असावे लागतात, कारण लग्न ठरताना दोन्हीकडचे वडीलधारे समोरासमोर बसून आपापले सात पितर म्हणतात. त्या सातांत दोन कुळे कुठेही एका पुरुषाशी येऊन मिळत असतील तर ते लग्न होत नाही. सरकारच्या कायद्याने होते. आमच्यात होत नाही. मात्र पुढे वंशाचे पठण चालू राहते त्यात मुलीचे नाव येत नाही. ती दुसऱ्याच्या घरी जाते आणि तिथे तिच्या मुलग्यांची नावे येतात.

आबांच्या स्वतःच्या कुळाच्या पठणात एक गोष्ट निराळी होती. बायगारापासून इतेम्गेनपर्यंत ते एका लयीत येत, मग म्हणत, “इतेम्गेनचा थोरला कोझाबेक, कोझाबेकचा मी. आणि इतेम्गेनचा धाकटा झानुझाक, हरवलेला.” एवढे म्हणून ते थोडे थांबत. कोणी ‘ओ’ देईल म्हणून थांबावे, तसे ते थांबणे होते.

त्या थांबण्यामागची कथा आम्हा सर्वांना ठाऊक होती. मोठ्या भुकेच्या साली, म्हणजे गुरे गेली, धान्य गेले आणि गवताळ माळावर माणसे चालता चालता बसत आणि उठत नसत त्या साली, आबांचे वडील कोझाबेक चौदा वर्षांचे होते आणि त्यांचा भाऊ झानुझाक पाच वर्षांचा. आईबाप वाटेतच गेले. दोघे भाऊ नव्या रेल्वेमार्गाच्या कडेने चालत शागिल नावाच्या लहानशा स्टेशनावर पोचले. धाकट्याला स्टेशनाच्या भिंतीशी, उन्हात बसवून थोरला म्हणाला, “इथून हलू नकोस, मी खायला आणतो.” तो परत आला तेव्हा भिंतीशी कोणी नव्हते. लोकांनी सांगितले की गाडी आली होती, बेवारस पोरे गोळा करून शहरांतल्या अनाथगृहांत नेली. तेव्हापासून कोझाबेकांनी आयुष्यभर शहरे धुंडाळली. कारागांदा, सेमेय, ताश्कंदही. अनाथगृहांच्या दारांत उभे राहून ते म्हातारे झाले. मरताना मुलाला त्यांनी दोन आज्ञा केल्या. पठणातून धाकट्याचे नाव गाळायचे नाही, ही पहिली. दुसरी अशी की, “त्याच्यावर मूठभर माती टाकलीय असं जोवर कोणी सांगत नाही, तोवर त्याच्या नावानं तेल तापवायचं नाही.”

शुक्रवारी आमच्या घराघरांत तेल तापते. कणकेच्या सात पातळ पोळ्या, ज्यांना आम्ही शेल्पेक म्हणतो, त्या तळायच्या, तेलाचा वास घरभर पसरू द्यायचा आणि गेलेल्यांची नावे घेऊन प्रार्थना म्हणायची. त्या वासाने पितर तृप्त होतात अशी आमची श्रद्धा आहे. आबांच्या घरी एवढ्या शुक्रवारांत झानुझाकचे नाव त्या प्रार्थनेत कधी आले नाही. तो ना जित्यांत होता ना मेलेल्यांत.

आबांना एकच नात, अकमारल. तिचा बाप खाणीत दगावला तेव्हा ती पाळण्यात होती. आई झेइनेपने आणि आबांनीच तिला वाढवले. ती तालुक्याच्या इस्पितळात परिचारिका होती, उंच, बोलण्यात फटकळ. आमच्या मेंढ्यांना लस टोचायला शागिलकडचा एक पशुवैद्य येत असे, झासुलान. पहिल्याच खेपेला त्याने मेंढीऐवजी स्वतःच्या अंगठ्यात सुई टोचून घेतली आणि मलमपट्टीसाठी त्याला अकमारलपुढे बसावे लागले.

“मेंढी कुठली नि अंगठा कुठला एवढं कळत नाही होय डॉक्टरला?” ती म्हणाली.

“कळतं. पण मेंढी तुमच्याकडे आणली असती तर तुम्ही घेतली नसती,” तो म्हणाला.

हे आम्हाला पुढे तिनेच सांगितले, आणि सांगताना ती लाजली. फटकळ मुलगी लाजते तेव्हा लग्न ठरलेच असे समजावे. गावानेही तसे समजून घेतले.

झासुलानचे वडील केंझेबाय अर्गिन जमातीचे, शागिल स्टेशनावर पिढीजात रेल्वेची नोकरी. आम्ही नैमान. दोन्ही जमातींच्या वाटा वेगळ्या होऊन शतके लोटली, तेव्हा पितरांची अडचण येण्याचे कारण नव्हते. तरीही रीत म्हणून पहिल्या भेटीत दोघे वृद्ध समोरासमोर बसले आणि आपापले सात पितर म्हणाले. गावचा शाळामास्तर म्हणून मीही शेजारीच बसलो होतो. केंझेबाय आपल्या आजोबांचे नाव अल्दाबेर्गेन असे सांगून पुढे एकेक अर्गिन पुरुष मोजत गेले. सात पुरे झाले तेव्हा आबा मिश्कीलपणे म्हणाले, “व्याहीबुवा, सातच का? अर्गिनांचं एवढं नाव ऐकून होतो, मला वाटलं नऊ-दहा तरी असतील.”

“आमचे सातच, पण उंच,” केंझेबाय म्हणाले. “तुम्हा नैमानांसारखी गर्दी नाही आमच्यात, की एकमेकांच्या खांद्यावर उभं राहावं.”

घर हसले. केंझेबायांची पत्नी कुलाय या सोयरिकीने अगदी हरखून गेली होती, कारण झासुलान हा त्यांचा म्हातारपणीचा मुलगा. तिने त्याच दिवशी अकमारलच्या कानांत चांदीची कुंडले घातली. कुंडले घातली म्हणजे मुलगी त्या घरासाठी बोलली गेली. यापुढे एकच विधी उरला होता: दोन्ही कुळांच्या वडीलधाऱ्यांनी एका ताटातले मेंढीचे काळीज आणि शेपटीची चरबी एकमेकांच्या मुखात घालायची. ते ताट खाल्ले की सोयरीक पक्की. नंतर मोडली तर मोडणाऱ्याच्या घराकडे लोक पाहतही नाहीत.

त्या ताटाच्या दिवसाआधी एक प्रसंग घडला, आणि पुढचे सर्व त्यातूनच आले.

दूरचित्रवाणीवर ‘कुतूहल’ नावाचा एक कार्यक्रम लागे. जगभरचे नवे शोध आणि नवल त्यात दाखवीत. कधी बर्फात हजारो वर्षे निजलेले शिंगरू, कधी जुन्या कबरींतल्या दातांवरून ओळखलेली महामारी, कधी हृदयाचे ठोके मोजणारी अंगठी. अलीकडे त्यांनी नवीनच उपक्रम काढला होता. गावोगाव जाऊन ते वृद्धांच्या लाळेचे नमुने घेत, त्यांतला डीएनए तपासत आणि मुखोद्गत वंशावळी रक्ताशी जुळतात की नाही ते थेट प्रक्षेपणात सांगत. देशभर त्याचे वेड लागले होते. जुळले की ढोल वाजत, नाही जुळले की भांडणे होत, आणि लोक दोन्ही आवडीने पाहत. सूत्रसंचालन करणारी मार्झान नावाची तरुणी कोक्तेरेकात आली ती आबांचे नाव ऐकून.

“आजोबा, तुमचं पठण कधी चुकलं नाही म्हणतात. आपण ते सगळ्या देशाला दाखवू या!”

आबांना त्या देशाचे फारसे कौतुक नव्हते. पण त्यांनी विचारले, “तुमच्याकडे किती जणांची थुंकी जमलीय, पोरी?”

“हजारो, आजोबा. रोज वाढतेय.”

आबा होकार देऊन बसले. एवढेच नव्हे, तर केंझेबायांनाही त्यांनी फोन करून गळ घातली: ताटाच्या दिवशी निकाल जाहीर करू, दोन्ही कुळे किती दूरची, किती निर्दोष, ते यंत्राच्याही तोंडून वदवू, आणि मग ताट खाऊ. अशी सोयरीक आजवर कोणी केली नसेल.

“आबा, हे लग्न आहे का परीक्षा?” अकमारल वैतागली. “मला काय लस टोचून पाठवायचंय का सासरी?”

“हसू नकोस. तुझ्या लग्नात सगळा देश साक्षीला येईल.”

“मला अख्खा देश नको. ताट पुरे.”

पण आबांनी ऐकले नाही. मला त्यांनी एकट्याला सांगितले ते निराळेच होते. आम्ही कुंपणाशी चहा पीत होतो. ते म्हणाले, “मास्तर, झानुझाक काका वाचला असेल, तर त्याची पोरंबाळं कुठंतरी असतील. त्यांतला कोणी थुंकला असेल त्या नळीत. ती बाई म्हणाली, हजारो आहेत. त्याच्यावर कुणी माती टाकली एवढं कळलं, तर मी मरायला मोकळा.” लग्नाची मिरवणूक हे निमित्त होते. आबांना यंत्राकडून एक नाव हवे होते.

ताटाचा दिवस उजाडला. अंगणात गालिचे पसरले होते, समोवारात पाणी उकळत होते, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे भांडे हातोहात फिरत होते. मार्झानने कुंपणाला एक मोठा पडदा टांगला होता. त्यावर अल्माटीहून अनुवंशशास्त्राच्या एक डॉक्टरबाई दिसत होत्या, पांढरा कोट, शांत चेहरा. स्वयंपाकघरात काळीज आणि चरबीचे ताट तयार झाले होते. झेइनेप दोनदा दारात येऊन गेली.

“बाबा, गार होतंय.”

“आधी निकाल, मग ताट.”

“चरबी गोठली की घशाखाली उतरत नाही.”

“उतरेल. आज सगळं उतरेल,” आबा म्हणाले, आणि केंझेबायांच्या मांडीवर थाप मारली. “काय व्याहीबुवा?”

“मी सकाळपासून उपाशी आहे,” केंझेबाय म्हणाले. “यंत्रानं लवकर बोलावं.”

यंत्र बोलले. डॉक्टरबाईंनी प्रथम दोन्ही वृद्धांचे अभिनंदन केले, मग म्हणाल्या की आपण हा निकाल दोनदा तपासला, कारण पहिल्यांदा नळ्यांची अदलाबदल झाली असावी असे वाटले. तशी ती झालेली नव्हती. “ओराझबाय आजोबा आणि केंझेबाय काका यांचं पुरुषवंशाचं गुणसूत्र एकच आहे. आणि बाकीचा डीएनए पाहता हे दोघं लांबचे नातलग नाहीत. हे सख्खे चुलतभाऊ आहेत.”

मार्झानने टाळी वाजवली. अंगणात तेवढी एकच टाळी वाजली.

मी आबांकडे पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते वर्णन करण्याची माझ्या वाणीची योग्यता नाही. एवढेच सांगतो की त्या क्षणापुरते ते माझ्याहून लहान दिसले. त्यांचे ओठ हलले, त्यांवर ‘काका’ हा शब्द होता. मग त्यांची दृष्टी वळली. दारात अकमारल उभी होती, कानांत कुंडले, हातांत बौरसाकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परात. ती परत फिरली नाही, परातही खाली ठेवली नाही. ती बोटांवर मोजत होती. आबांनी लहानपणी शिकवले होते तसे, एकेक बोट मिटवत. तिचा बाप, आबा, कोझाबेक, इतेम्गेन. चौथ्या बोटावर ती थांबली. झासुलानकडून तिसऱ्यावरच इतेम्गेन येत होता. सातांच्या फार आत.

“आजोबा, काय वाटतंय तुम्हाला?” मार्झानने ध्वनिवर्धक पुढे केला.

आबा उठले, माझा दंड धरला आणि घरात आले. मागोमाग अकमारल आली आणि थोड्या वेळाने, फोन खिशात ठेवत, झासुलान. झेइनेप चुलीपाशी डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडावर धरून उभी होती.

झासुलान आधी बोलला. “आबा, मी त्या डॉक्टरबाईंना फोनवर विचारलं. एवढ्या लांबच्या नात्यानं मुलाबाळांना धोका नसतो म्हणाल्या. जवळजवळ नाहीच. मेंढ्यांच्यातसुद्धा आम्ही याहून...”

“मेंढ्यांना पितर नसतात,” आबा म्हणाले. ते रागावले नव्हते.

अकमारल त्यांच्यासमोर गुडघे मोडून बसली. पठण घेणारे मूल बसते, तशीच.

“आबा, तुम्ही म्हणा, यंत्र चुकलं.”

तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

“नळ्या बदलल्या, असं तीच बाई म्हणाली ना? तुम्ही तेवढंच म्हणा. गाव तुमचं ऐकेल, यंत्राचं नाही. तुम्ही कधी चुकला नाहीत.”

“म्हणून तर,” आबा म्हणाले.

“नव्वद वर्षं हरवलेला माणूस आहे तो, आबा. आणखी थोडे दिवस हरवलेला राहिला तर त्याचं काय बिघडेल? माझं सगळं बिघडेल.”

आबांनी डोळे मिटले. बाहेर समोवाराची वाफ सुटल्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी लहान मुलाला दटावत होते. आपल्या पित्याने ज्याच्यासाठी शहरोशहरी दारे ठोठावली तो भाऊ आज दारात आला होता, आणि त्याला ‘तू नव्हेस’ म्हणायचे होते. म्हटले की नातीचे घर उभे राहत होते. माझ्या मते त्या वेळी त्यांनी धर्म कोणता आणि अधर्म कोणता याचा विचार केला नाही. त्यांनी समोरच्या मुलीच्या कानांतली कुंडले पाहिली.

“बरं,” ते म्हणाले. “म्हणतो.”

अकमारलने त्यांच्या हातांवर कपाळ टेकवले. झासुलान भिंतीकडे वळला. आबांनी हात धुतले, टोपी सारखी केली आणि माझ्याकडे न पाहता बाहेर निघाले. मी पाठोपाठ गेलो.

अंगणात कोणी हललेले नव्हते. केंझेबाय तसेच बसून होते, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. कुलाय त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. आबा बसले, घसा खाकरला आणि मार्झानने ध्वनिवर्धक पुढे धरला. “हे जे यंत्र आहे,” आबांनी सुरुवात केली.

“व्याहीबुवा,” केंझेबाय मध्येच बोलले, त्यांनी मान वर केली नव्हती. “एक विचारू? मघापासून डोक्यात घोळतंय.”

“गप्प बसा हो,” कुलाय त्यांची बाही ओढत म्हणाली. “त्यांना बोलू द्या आधी.” स्त्रियांना काही गोष्टी आधी कळतात. आबा काय म्हणणार, ते तिला कळले होते.

“अगं, विचारू दे. माझे वडील आकड्यांनी कोकरं मोजत नसत. त्यांचं एक होतं आपलं, काहीतरी सात शब्दांचं. सात शब्द, सात कोकरं, मग पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं जुन्या धनगरांचं काही असेल, नाहीतर कोकरांचीच नावं. कारण पहिल्या शब्दाचा अर्थ ‘कुत्रीचं दूध प्यालेला’ असा, आणि पुढं एकाचा ‘दुर्लक्षलेला’. कोकराचीच नावं ती, नाही का? मलाही त्यांनी तसंच मोजायला शिकवलं. मी अजून तसंच मोजतो.” ते किंचित हसले, ओशाळल्यासारखे. “इतेम्गेन, तोकाय, सार्सेन...”

कुलायने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

“...बोतबाय...”

“एलेमेस,” आबा म्हणाले.

ते म्हणायचे नव्हते. मला खात्री आहे की ते त्यांना म्हणायचे नव्हते. पण साठ वर्षे ज्या मुखाने मुलांचे अडखळलेले पठण पुढे नेले, ते मुख मध्येच थांबलेले ऐकूनही मिटलेले राहणे शक्य नव्हते. “एलेमेस, मेंदी, बायगारा,” आबा म्हणाले, आणि शेवटच्या नावावर त्यांचा आवाज फुटला. कॅमेरा चालू होता.

पाच वर्षांच्या मुलाला थोरल्या भावाने पाठ करून दिलेले सात पितर त्याने आयुष्यभर कोकरांवर म्हटले होते.

पहिल्या भेटीत आबांनी हीच नावे बायगारापासून खाली म्हटली होती, म्हणून केंझेबायांच्या कानाला ती लागली नव्हती. उरलेले त्यांच्या आठवणींतून आणि पुढे शागिलच्या म्हाताऱ्यांना विचारून तुकड्यातुकड्यांनी जुळले. स्टेशनावरच्या लाइनमनला, म्हणजे अल्दाबेर्गेनला, मूलबाळ नव्हते. भिंतीशी बसलेले पोर त्याने गाडीत चढवू दिले नाही, घरात लपवले, त्याला नवे नाव दिले आणि बजावले, कोणी विचारले तर बाप म्हणून माझेच नाव सांगायचे, नाहीतर तुला नेतील. पोराने ते ऐकले, जन्मभर ऐकले. मोठेपणी त्याला शहरात बदली मिळत होती, बढतीसह. त्याने तीन वेळा नाकारली. “गाडी थांबली की वडील उठून दारात जाऊन उभे राहायचे. म्हातारपणी पाय चालेनात तर खुर्ची दारात ठेवायला लावायचे. आई म्हणायची, हे रेल्वेचं वेड. मलाही तसंच वाटायचं,” केंझेबाय म्हणाले. “इथून हलायचं नाही म्हणे. कोणी सांगितलं होतं, ते सांगितलं नाही.”

कोझाबेकांनी सगळी शहरे पाहिली होती. शागिलला ते परत कधी गेले नाहीत. तिथे कोण राहिले असेल, असे त्यांना वाटले.

दोघे चुलतभाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. ते रडणे देशाने पाहिले. मार्झानचेही डोळे भरून आले होते. ती चांगली मुलगी होती, आणि आपण काय आणले हे त्या दिवशी तिला पुरते कळले नसावे. स्वयंपाकघरात ताटातली चरबी पांढरी होऊन गोठली. झेइनेपने ते ताट शेवटी कुत्र्यांपुढे नेऊन ठेवले.

निघताना अकमारलने कुंडले काढून कुलायपुढे धरली. कुलायने ती घेतली नाहीत. तिने तिला जवळ ओढले आणि म्हणाली, “असू देत, बाळा. आता तू आमच्याच घरची लेक.” ती मायेने बोलली होती. अकमारलने कुंडले मुठीत तशीच धरून ठेवली आणि झासुलानकडे एकदाही पाहिले नाही. नात्याने तो आता तिचा काका लागत होता.

“शहरात जाऊ,” तो तिला म्हणाला म्हणे, कुंपणापाशी. “कचेरीत सह्या करू. कायदा आहे.”

“आणि मूल पाच वर्षांचं झाल्यावर?” ती म्हणाली. “त्याला कोणाचे पितर शिकवायचे? दोन्ही हातांवर एकच नावं येतील.”

“नाही शिकवायचे.”

“मग तो दारात बसेल. मलाच विचारेल.”

त्याने समुद्राकडच्या, पार पश्चिमेकडच्या एका तेलगावाजवळ बदली मागून घेतली. तिथे मेंढ्या फारशा नाहीत असे म्हणतात.

तो भाग ‘कुतूहल’च्या आजवरच्या भागांत सर्वांत अधिक पाहिला गेला. अजूनही कधी कधी गाड्या येतात, लोक आबांबरोबर छायाचित्र काढून घेतात, आणि एखादा अकमारलला विचारतो, “तीच ना तू?” ती इस्पितळात रात्रपाळी अधिक घेते. गावात तिच्यासाठी दोन स्थळे येऊन गेली. आबांनी दोन्हीकडचे पितर ऐकून घेतले. दोन्ही निर्दोष होती. तिने नकार दिला आणि कारण सांगितले नाही. आबांनीही विचारले नाही.

मागल्या शुक्रवारी आबांच्या घरी झानुझाकच्या नावाने प्रथम तेल तापले. त्याआधी आम्ही शागिलला जाऊन आलो होतो. रुळांच्या पलीकडे, स्टेशनाची ती भिंत दिसेल अशा जागी त्याची कबर आहे. आबांनी तिच्यावर मूठभर माती टाकली आणि कोझाबेकांचे नाव घेऊन म्हणाले, “मी खायला आणलंय.” मग पिशवीतली पोळी मोडून त्यांनी ती मातीवर ठेवली. वारा फार होता.

घरी केंझेबाय आणि कुलाय आले होते, आता नातलग म्हणून. पोळ्या अकमारल तळत होती. झेइनेपचे हात दुखतात. प्रार्थना झाल्यावर आबांनी पठण केले. बायगारापासून इतेम्गेनपर्यंत ते त्याच लयीत आले. “इतेम्गेनचा थोरला कोझाबेक, कोझाबेकचा मी, माझा गेलेला मुलगा.” इथे त्यांची शाखा संपते. “इतेम्गेनचा धाकटा झानुझाक.” ‘हरवलेला’ हा शब्द ते म्हणाले नाहीत, आणि थांबलेही नाहीत. “झानुझाकचा केंझेबाय. केंझेबायचा...”

तिथे मात्र ते थांबले. अकमारल पोळ्यांचे ताट घेऊन दारात आली होती.

केंझेबायांनी मान खाली घातली. कुलाय गालिच्याची कड बोटांत गुंडाळत राहिली. नाव कोणीच घेईना, तेव्हा अकमारलनेच ते घेतले, परिचारिका रुग्णाचे नाव पुकारते त्याच आवाजात: “झासुलान.”

“झासुलान,” आबा म्हणाले, आणि पठण पूर्ण झाले.

तिने ताट मध्ये ठेवले, सहाच पोळ्या होत्या. सातवी कढईत होती. ती आणायला ती परत आत गेली. बराच वेळ आली नाही. तेल जळल्याचा वास घरभर पसरला, आणि आम्ही सर्वजण, दोन्ही शाखांचे, तो वास घेत बसून राहिलो.